परबकाका पाण्याखाली बघून आले

परबकाकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, खाली मारामारी लागली. लग्न होऊन नुकतीच लालबागला आले होते. खिडकीतून डोकावले, तर झुपकेदार काळ्याभोर मिशीचा एक ठेंगणा माणूस कोळणीच्या पाटीपुढे उकिडवा बसला होता. बांगड्याचे कल्ले उघडून तो तिला सांगत होता, "ह्यो काल मेलेलो नाय गो बाय, परवा मेलेलो. ह्याचा बारावा कधी घालतंस?" कोळीणही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "घालीन तवा तुला आवतण देईन. मिशी घेऊन ये." मग दोघंही हसली आणि काकांनी तोच बांगडा घेतला.

आमची दारं समोरासमोर. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं मला घड्याळाची गरज पडली नाही. काकांची आंघोळ, काकांची आरती, काकांचं पेपरवाल्याशी भांडण, सगळं दारं बंद असूनही ऐकू यायचं. शनिवारी दुपारी ते गॅलरीत आरसा टांगून मिशीला कलप लावायचे. तेवढा वेळ ओठ हलवता येत नसल्यामुळे मजला शांत असायचा. माझ्या सासूबाई त्या वेळात झोप काढून घ्यायच्या.

"बघलंस तू?" हे त्यांचं पालुपद. तुम्ही काहीही सांगा, म्हणजे सिद्धिविनायकाला आज रांग नाही, पापलेट स्वस्त झालंय, अमक्याची मुलगी पळून गेली, काका भुवया वर करून विचारणार, "बघलंस तू?" आपण बघितलेलं नसायचंच. मग ते मान डोलावून विषय मिटवायचे. एकदा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी पाण्याची टाकी साफ झाल्याचं जाहीर केलं. "बघलात तुम्ही?" काका म्हणाले. सेक्रेटरींनी कंत्राटदाराचं नाव सांगितलं. काका उठून गच्चीवर गेले, शिडीने टाकीवर चढले, झाकण काढलं आणि कबुतराचं एक ओलं पीस घेऊन खाली आले. ते पीस त्यांनी सेक्रेटरींच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि घरी जाऊन जेवायला बसले. सेक्रेटरींनी तो चहा घेतला नाही.

माणूस मालवणचा, पण पोहता येत नव्हतं. हे मात्र त्यांना विचारायचं नाही. बॅलार्ड इस्टेटला जहाजांच्या एका एजंटाकडे ते जन्मभर कारकून होते, आणि कुठलं जहाज कुठल्या समुद्रात आहे हे माहीत असलं की समुद्र आपल्या ओळखीचा, असं त्यांना मनापासून वाटे. वरळीला फिरायला गेले तरी कठड्यापाशी उभे राहून ते आम्हाला जहाजांची माहिती द्यायचे. पाण्याला पाय लावायचे नाहीत.

नितीन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. उंच, हसरा, बापासारखाच मोठ्याने बोलणारा. काकांनीच ऑफिसात शब्द टाकून त्याला मालवाहू जहाजावर लावला. पहिल्या फेरीहून तो आला तेव्हा काकांनी अख्ख्या मजल्याला सुरमई खिलवली होती. दुसऱ्या फेरीत फोन आला. जहाज अंदमान-निकोबारच्या बाजूने सिंगापूरकडे चाललं होतं. सकाळची हजेरी घेतली तर नितीन जहाजावर नव्हता. जहाज वळवून मागे नेलं, शोधलं, काही मिळालं नाही. रात्री तो डेकवर गेला होता का, पाय घसरला का, कुणी सांगू शकलं नाही.

आमच्या कोकणातल्या माणसांत एक रीत आहे. घरातलं माणूस समुद्रात गेलं की घरचे मासे खाणं सोडतात. का ते कुणी तोंडाने बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. काकींनी त्याच आठवड्यात मासे सोडले. काकांनी नाही सोडले. उलट पूर्वी बुधवार-रविवार खायचे ते आता मंगळवार, शुक्रवारही खाऊ लागले, आणि कोळणीशी पूर्वीपेक्षा मोठ्याने भांडू लागले. काकी तिरफळं घालून कालवण करायच्या, त्यांना वाढायच्या आणि स्वतः वरणभात घेऊन बसायच्या. इमारतीत कुजबुज सुरू झाली. पोरगा समुद्रात गेला आणि बाप बांगडे ओरपतो, याला काळीज आहे की दगड, असं लोक बोलत. मीही त्यांच्यातलीच होते. मला त्या कालवणाच्या वासाने मळमळायचं.

एकदा माझ्या सासूबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं. त्या वयाने मोठ्या, त्यांना तो अधिकार होता. "विश्राम, मासे सोड रे आता. लोक नावं ठेवतात."

काकांचा चेहरा लाल झाला. "मी कित्याक सोडू? माझ्या घरात कोण गेला? माझ्या झिलाक मेल्यालो कोणी बघल्यान? तुम्ही बघलात?"

तेव्हा मला उलगडा झाला. ते ताटातला मासा खात होते तोवर नितीन जिवंत होता. ज्या दिवशी ते ताट सरकवतील त्या दिवशी तो मरणार होता. त्यानंतर मी कधी नाक मुरडलं नाही.

काकींचं वेगळंच होतं. मुलगा गेला हे त्यांनी फोन खाली ठेवला तेव्हाच मानलं, निदान आम्हाला तसं वाटे. मोजक्या बोलण्याची बाई. त्यांना एकच हवं होतं, त्याचा विधी. प्रेत मिळालं नसेल तर बारा वर्षं वाट बघतात आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं होऊन गेली. नितीनचं लग्न झालं नव्हतं, म्हणजे अग्नी द्यायचा तो बापानेच, मिशी उतरवून. काकींनी दरवर्षी पितृपक्षात विषय काढायचा आणि काकांनी दरवर्षी मिशीवरून हात फिरवत उठून जायचं. "त्याला पाणी तरी मिळू दे हो," काकी म्हणायच्या. काका जिन्यावरून ओरडायचे, "पाण्यात असलेल्या माणसाक पाणी कसला देतंस?" ते ऐकून मजल्यावर कुणी दार उघडत नसे.

तर असे हे परबकाका, ज्यांनी आयुष्यात मालवण आणि मुंबई सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं, त्यांनी सोसायटीच्या अंदमान सहलीत सर्वांत आधी नाव दिलं. काकी येणार नव्हत्या. "मला तो समुद्र बघायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या. काकांना मी विचारलं, "काका, जेल बघायला का?" आपली मराठी माणसं अंदमानला जातात ती जेल बघायला. काका म्हणाले, "जेल माका काय करूचा? बघून येतंय जरा." काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पोर्ट ब्लेअरला उतरलो त्याच संध्याकाळी मला ते कळलं. आम्ही सगळे जेलमध्ये डोळे पुसत होतो आणि काका बाहेर फाटकाशी नारळपाणीवाल्याला मोबाइल दाखवत होते. मोबाइलवर नितीनचा फोटो होता, जहाजाच्या युनिफॉर्ममधला. "ये लड़का देखा है क्या? बम्बई का है. अभी थोड़ा बड़ा हो गया होगा." नारळवाल्याने फोटो नीट बघितला, मान हलवली. काकांनी दुसऱ्याला दाखवला. पुढे प्रत्येक जेट्टीवर, प्रत्येक हॉटेलात हेच. बोटवाले, भजीवाले, पोलीस, सगळ्यांना. कधीतरी कुठल्याशा पेपरात त्यांनी वाचलं होतं, की वाहत गेलेला एक मच्छीमार भलत्याच बेटावर लागला आणि तिथेच राहिला. त्या बातमीवर ते इतकी वर्षं तग धरून होते. ग्रुपमधली तरुण मंडळी आपसात बघायची आणि कुणीतरी विषय बदलायचं. मला त्यांची इतकी दया यायची की मी त्यांच्याशी बोलायचं टाळू लागले.

मग आम्ही हॅवलॉकला गेलो, प्रवाळ बघायला. तिथे स्नॉर्केलिंग करवतात. डोळ्यानाकावर काचेचा मास्क चढवायचा, तोंडात नळी धरायची, अंगात जॅकेट घालायचं आणि गाइडच्या तरंगत्या रिंगला धरून पाण्यावर पालथं पडायचं. आमचा गाइड बिस्वास नावाचा हसतमुख बंगाली होता. काकांनी त्यालाही फोटो दाखवला. बिस्वासने तो बराच वेळ बघितला आणि मग अगदी हळू म्हणाला, "अंकल, मैं यहीं पैदा हुआ. ऐसा कोई आता तो सारे टापू को पता होता." काकांनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मेरे को पानी के नीचे देखने का है."

आम्ही सगळे चाट पडलो. जो माणूस गिरगाव चौपाटीला पँट दुमडत नाही, तो पाण्यात पालथा पडणार. पण कुणाची हिंमत होती अडवायची? बिस्वासने त्यांना मास्क चढवला, हात धरून उतरवलं, आणि पुढच्या मिनिटाला काका खोकत, थुंकत उभे. मिशीमुळे मास्क ओठावर बसेना, आत पाणी शिरत होतं. बिस्वासने मिशीला व्हॅसलीन चोपडलं. परत तेच. डोळे लालबुंद, नाकातोंडात खारं पाणी. शेवटी बिस्वास हसत म्हणाला, "अंकल, ये मूंछ है तब तक कुछ नहीं दिखेगा. निकाल दो, दस दिन में वापस आ जाएगी."

त्या बिचाऱ्याला काय माहीत. आम्ही सगळे खाली बघू लागलो. काका मिशीवरचं व्हॅसलीन टॉवेलने पुसत राहिले. "कोणी मेला नाय, काय नाय, आणि मिशी काढू?" ते मालवणीतच म्हणाले आणि एकटे जाऊन बोटीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला एक अनोळखी म्हातारा माझ्यासमोर येऊन बसला. वरचा ओठ पांढराफटक, बाकी तोंड उन्हाने रापलेलं. मिशी गेल्यावर तोंड इतकं बारीक होतं हे मला माहीत नव्हतं. पुरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. "मास्क बसत नाय ना," ते म्हणाले. "म्हणून काढलंय. दुसरा काय एक नाय." मी म्हटलं, "हो काका, समजलं." ते परत म्हणाले, "मास्कासाठी."

त्या दिवशी मीही त्याच रिंगला धरून होते, म्हणून हे सांगू शकते. पाण्यात तोंड घातलं आणि पाणी दिसेनाच. इतकं स्वच्छ. खाली तळापर्यंत ऊन उतरलेलं. प्रवाळांची झुडपं, काही जांभळी, काही पिवळी, बरीचशी मेलेली, हाडासारखी पांढरी. त्यांच्यावरून माशांचे थवेच्या थवे वळत होते. एक हिरवा-निळा मोठा मासा चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडत होता, आणि कान पाण्यात असल्यामुळे ते कुरतडणं ऐकू येत होतं. कट, कट, कट. मला ते फार सुंदर वाटलं. शेजारी काका अगदी निश्चल होते. बिस्वास इकडून तिकडे नेत होता आणि ते नुसते बघत होते. बाकीचे कंटाळून बाहेर आले तरी ते आले नाहीत. बिस्वासने सांगितल्यावर आले.

किनाऱ्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. वाळू अशी पांढरी की डोळे दिपावेत. कुणीतरी विचारलं, इतकी पांढरी कशी? बिस्वास रोजच्या सवयीने सांगू लागला. तो हिरवा मासा प्रवाळ खातो, पचतं तेवढं पचवतो आणि उरलेलं वाळू होऊन बाहेर पडतं. "आप लोग जिस पे बैठे हो, सब उसी के पेट से निकला है." पोरं हसली, एक-दोघी ई करून उठल्या. काका मांडी घालून बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, मूठभर वाळू उचलली, बघितली आणि परत होती तिथे ठेवली. टाकली नाही, ठेवली.

मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांचा तो मजला हादरवणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"माका वाटायचा, पाण्याखाली काळोख असतलो," ते म्हणाले. "आपल्या चौपाटीसारखो गाळ. काळोखात माणूस चुकता, खंयतरी जाता, खंयतरी लागता. थंय सगळा दिसता गो बाय. साधी चप्पल पडली तरी दिसात. हरवाक जागाच नाय."

खरं तर कितीतरी बोलता आलं असतं, की किनाऱ्यापाशी उथळ असतं, खोल समुद्र वेगळा असतो. पण ते मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी जेवणात तळलेली सुरमई होती. वेटरने काकांच्या ताटात तुकडा वाढला. त्यांनी दोन बोटांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "दालचावल है क्या?" इतक्या वर्षांनी नितीन त्या हॉटेलच्या टेबलावर मेला आणि आम्ही सगळे पापड मोडत बसलो.

परतीच्या प्रवासात त्यांनी कुणालाही फोटो दाखवला नाही. विमानात ते माझ्या शेजारी होते. मुंबई जवळ आली तेव्हा म्हणाले, "तिचा म्हणणा खरा होता. ह्या पितृपक्षात करून टाकूया. तिका तेवढाच समाधान." त्यांना आत्ता कुठे बायकोला काहीतरी देता येणार होतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. निदान दोघं एका बाजूला येतील, एकत्र रडतील, असं मला वाटलं.

आम्ही जिना चढून वर आलो. काकांनी बेल वाजवली. काकींनी दार उघडलं. त्यांच्या हातात निवडायच्या मेथीची जुडी होती. त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितलं, त्या पांढऱ्या ओठाकडे, आणि जुडी हातातून पडली.

"काय मिळालं?" त्या म्हणाल्या.

"अगो, काय नाय. मास्क घालूक..."

"काय मिळालं तिथे? काय बघितलंत?" आणि मग त्या मोजक्या बोलणाऱ्या बाईने असा हंबरडा फोडला की वरच्या आणि खालच्या मजल्यावरची दारं उघडली. काका मास्क, मास्क म्हणत राहिले. कोण ऐकतो? मिशी उतरवलेला बाप अंदमानहून आला, म्हणजे काहीतरी सापडलं, तिथेच विधी उरकून आला, हे इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी माणसं पांढरे कपडे घालून भेटायला येऊ लागली. शेजारच्या वहिनींनी पिठलंभाताचा डबा आणला. काका प्रत्येकाला मास्कचं सांगत होते, आणि प्रत्येकजण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, हो हो काका, बसा.

माणसं गेल्यावर काकांनी विमानात ठरवलेलं बोलून टाकलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते. "करूया आपण विधी. तू म्हणत होतंस ना?"

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हणायचं. तुम्ही नाही म्हणायचं."

"म्हणजे?"

"मी इतकी वर्षं म्हणत आले, कारण तुम्ही नाही म्हणत होता. तुम्ही रोज नाही म्हणायचात म्हणून मला झोप लागायची. आता तुम्हीच हो म्हणालात तर त्याचं कोण राहिलं?"

कप माझ्या हातात होते, नळ वाहत होता. मला पळून जावंसं वाटलं आणि मी कप तसेच ठेवून खरोखरच गेले.

पितृपक्षात भटजी आले. काकांनीच विमानतळावरून फोन करून त्यांना सांगून ठेवलं होतं. मी ऑफिसला निघाले होते, दाराला कुलूप लावत होते. काकांनी आपलं दार अर्धवट उघडलं, भटजींना बघितलं आणि तो जुना आवाज काढला, सगळा मजला हादरवणारा, आतल्या खोलीपर्यंत नीट पोचणारा. "कसलो विधी? माझ्या घरात कोण मेला नाय. माझो झिल जहाजावर असा. मेल्यालो बघलात तुम्ही?"

भटजी गोंधळून पिशवी सावरत जिना उतरले. काका दारातच उभे राहिले. मिशी परत वाढली होती, पण पांढरी, कलप नव्हता. माझ्याकडे बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी बघून इलंय गो. बघलेला आता ना बघलेला कसा करू?"

आतून काकींचा आवाज आला. मोठा नव्हता, नेहमीसारखा, भाजी काय आणू विचारावं तसा. "अहो, येईल ना हो तो?"

काकांनी डोळे मिटले, दाराची चौकट घट्ट धरली आणि मोठ्याने ओरडले, "येतलो गो, येतलो."